तीन प्रकरणे आणि एक तालुका

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात 15 प्रकरणे आहेत. त्यांतली शेवटची तीन इकॉलॉजीची, म्हणजे परिस्थितिकीची: सजीव व जीवसंख्या, परिसंस्था व ऊर्जाप्रवाह, आणि जैवविविधता, संवर्धन व पर्यावरणाचे प्रश्न. शेवटी असल्यामुळे ती घाईत उरकली जातात. ‘वाचलं की येतं’ अशी त्यांची ख्याती आहे, म्हणून आनुवंशिकतेला मिळतो तेवढा वेळ त्यांच्या वाट्याला येत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र हीच प्रकरणे दगा देतात. व्याख्या पाठ असते, उदाहरणही पुस्तकातले जसेच्या तसे आठवते, पण ‘कारण द्या’ असे विचारले की पेन थांबते. बरीचशी ठरलेली उदाहरणे दूरची असतात: टुंड्रा प्रदेशातली, खोल समुद्रातली, आफ्रिकेच्या तळ्यातली. मावळ तालुक्यातल्या विद्यार्थ्याला इतक्या लांब जायची गरज नाही. तळेगाव ते खंडाळा या पट्ट्यात या तीन प्रकरणांतले जवळपास सगळे मुद्दे बघायला मिळतात, आणि तेही कारणासकट.

सुरुवात अजैविक घटकांपासून होते. मावळात अजैविक घटकांत पहिला मान पावसाचा. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे खोपोलीच्या वर सह्याद्रीच्या कड्याला भिडतात आणि वर चढू लागतात. चढताना हवा प्रसरण पावते, थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि ते घाटमाथ्यावर कोसळते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटरवर आहे. तिथे वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्या हवेत बाष्प कमी उरलेले असते, शिवाय खाली येताना ती तापते. त्यामुळे कामशेत, वडगाव, तळेगाव असे पुढे जावे तसा पाऊस घटत जातो आणि जेमतेम 65 किलोमीटरवरच्या पुण्यात तो साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास येतो. लोकल गाडीच्या दीड तासाच्या प्रवासात पावसात एवढा फरक पडणारी ठिकाणे देशात फार नाहीत.

पावसाबरोबर झाडेही बदलतात. खंडाळ्याच्या दऱ्यांत जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा अशी निमसदाहरित झाडी दिसते. तिथून पूर्वेकडे ऐन, धावडा, साग यांची पानझडी सुरू होते आणि पुण्याच्या बाजूला खैर, बाभूळ, हिवर यांचा काटेरी मुलूख लागतो. पानझडी झाडे उन्हाळ्यापूर्वी पाने टाकतात ती बाष्पोत्सर्जन थांबवून पाणी राखण्यासाठी. भातखाचरांच्या बांधातले खेकडे उन्हाळ्यात बिळात खोल जाऊन बसतात, तेही पाणी टिकवण्यासाठीच. अनुकूलनाच्या प्रश्नाला ही दोन उदाहरणे पुरतात. वाळवंटातला कांगारू उंदीर लिहायला हरकत नाही, पण तो कुणी पाहिलेला नसतो.

आल्फा, बीटा आणि गॅमा विविधता हा परीक्षेत गोंधळ घालणारा मुद्दाही याच पट्ट्यात सुटतो. खंडाळ्याच्या एका दरीत किती जाती आहेत, ती आल्फा विविधता. खंडाळ्याकडून तळेगावकडे येताना त्यांतल्या किती जाती गळतात आणि किती नव्या येतात, ती बीटा. साऱ्या प्रदेशाची मिळून गॅमा. खंडाळ्याची आल्फा विविधता किती मोठी आहे, हे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी दाखवून दिले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले हे स्पॅनिश धर्मगुरू वर्षानुवर्षे खंडाळ्याच्या डोंगरांत वनस्पती गोळा करीत राहिले. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1953 साली निघाला आणि पुढच्याच वर्षी ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले. एका थंड हवेच्या ठिकाणाच्या झाडाझुडपांवर स्वतंत्र ग्रंथ निघावा, यातच त्या जागेची श्रीमंती आली.

परिसंस्थेचे प्रकरण समजायला जंगलापेक्षा भातखाचर सोपे. खाचराला बांध असतो, म्हणून परिसंस्थेची हद्द डोळ्यांना दिसते. मावळात वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडलेला इंद्रायणी तांदूळ सर्वत्र होतो. आंबेमोहर 157 आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून तो तयार झाला. इथे भात हा उत्पादक. त्यावर जगणारे तुडतुडे आणि खोडकिडीच्या अळ्या हे प्राथमिक भक्षक, त्यांना खाणारा बेडूक द्वितीयक, बेडकाला गिळणारा साप तृतीयक आणि सापावर झडप घालणारा सर्पगरुड सर्वोच्च. बांध पोखरणारा खेकडा कुजकी पाने-काडीही खातो आणि लहान जीवही, म्हणून त्याला एका पायरीवर बसवता येत नाही. अन्नसाखळीचे अन्नजाळे होते ते अशा प्राण्यांमुळे.

आता ऊर्जेचा हिशोब. रेमंड लिंडेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1942 साली मांडलेला 10 टक्क्यांचा नियम बहुतेकांना पाठ असतो, पण तो कुठून लागू करायचा इथे चूक होते. सूर्याची सगळी ऊर्जा झाडाला वापरता येत नाही. पृथ्वीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेतला निम्म्याहून कमी भाग प्रकाशसंश्लेषणाच्या कामाचा असतो आणि त्यातलाही 2 ते 10 टक्केच वनस्पती पकडतात. या पहिल्या टप्प्याला दहाचा नियम लावायचा नसतो. तो लागू होतो भातापासून पुढे. भातात 10,000 एकक ऊर्जा साठली असेल, तर तुडतुड्यांकडे 1000, बेडकाकडे 100, सापाकडे 10 आणि सर्पगरुडाकडे 1 एकक पोचते. बाकीची श्वसनात खर्च होते, उष्णता बनून निघून जाते किंवा विघटकांच्या वाट्याला येते. पाचव्या पायरीच्या पुढे साखळी सहसा जात नाही, कारण वर वाटायला काही शिल्लकच राहत नाही. सर्पगरुड विरळा का आणि बेडूक उदंड का, याचे उत्तरही तेच. भाताने तयार केलेले एकूण सेंद्रिय द्रव्य म्हणजे स्थूल उत्पादकता. त्यातून त्याने स्वतःच्या श्वसनाला वापरलेले वजा केले की निव्वळ उत्पादकता उरते. शेतकऱ्याच्या कणगीत, तुडतुड्याच्या पोटात आणि पेंढ्यात जे जाते ते सारे या निव्वळ भागातले.

मनोऱ्यांचा प्रश्न जवळपास दर वर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. खाचरातला संख्येचा मनोरा सरळ असतो: भाताची रोपे लाखो, कीटक त्याहून कमी, बेडूक आणखी कमी. इंद्रायणीकाठच्या एका उंबराचा मनोरा काढला तर तो उलटा होतो, कारण झाड एक, त्यावर शेकडो पक्षी आणि हजारो कीटक. वस्तुमानाचा मनोरा समुद्रात उलटा असू शकतो. सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ल्या जातात, त्यामुळे एका क्षणी त्यांचे वजन माशांच्या वजनापेक्षा कमी भरते. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीही उलटा होत नाही. ‘का?’ असे विचारले तर प्रत्येक पायरीला उष्णतेच्या रूपाने ऊर्जा गळते, एवढे एक वाक्य पुरे. त्या वाक्याचेच गुण असतात.

विघटन हा विषय पुस्तकात रुक्ष वाटतो, मावळात तो फार वेधक आहे. तुकडे होणे, झिरपणे, अपचय, ह्यूमस बनणे आणि खनिजीकरण या विघटनाच्या पाच क्रिया. मार्च ते मे या काळात रानात पाचोळ्याचा थर तसाच पडून राहतो, कारण ऊब असली तरी ओल नसते. मृगाचा पाऊस झाला की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात आणि दिवाळीपर्यंत तो थर विरून गेलेला असतो. विघटनाला ऊब आणि ओल दोन्ही लागतात हे विधान यातून आपोआप सिद्ध होते. मावळातला शेतकरी मात्र या क्रियेची वाट पाहत बसत नव्हता. भाताचा तरवा टाकायच्या जागेवर डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण पसरून ते पेटवायचे, याला राब भाजणे म्हणतात. जिवाणूंना महिने लागणारे खनिजीकरण आगीने तासाभरात होते, पोटॅशसारखी खनिजे राखेतून जमिनीला मिळतात आणि तणांचे बीही जळते. तोटा असा की, नायट्रोजनचा बराच भाग वायुरूपाने उडून जातो आणि ह्यूमस तयारच होत नाही. राबासाठी दर वर्षी छाटलेली ऐनाची, किंजळाची झाडे मग नुसती खुंटासारखी दिसतात. नायट्रोजन चक्र आणि विघटन जोडून एखादा प्रश्न आला, तर राबाएवढे चपखल उदाहरण पुस्तकात मिळणार नाही.

अनुक्रमण म्हणजे एका जीवसमुदायाची जागा हळूहळू दुसऱ्याने घेणे. त्याचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकार नीट वेगळे करता येत नाहीत, अशी तक्रार शिक्षक नेहमी करतात. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासाठी घाटात डोंगर कापले, तेव्हा हा कातळ नव्याने उघडा पडला. त्यावर माती नाही, बी नाही. आधी दगडफूल, मग मॉस, मग फटींत साचलेल्या चिमूटभर मातीत गवत आणि तेरडा, अशा क्रमाने तिथे जे येते ते प्राथमिक अनुक्रमण. उलट, बंगल्यासाठी विकून पडीक राहिलेल्या खाचरात माती आणि तिच्यातले बी शाबूत असते. तिथे दोन-तीन पावसांत झुडपे उभी राहतात, ते दुय्यम. पहिल्याला शतके लागतात, दुसऱ्याला काही दशके. डोंगरउतारांवर दर वर्षी वणवे लावले जातात, आणि म्हणून कित्येक टेकड्या गवताच्या पायरीवरच अडकून पडल्या आहेत. वणव्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते, ही समजूत अजून गेलेली नाही.

सजीवांच्या परस्परसंबंधांत बांडगूळ आणि ऑर्किड यांची गल्लत सर्वांत जास्त होते. दोन्ही आंब्याच्या फांदीवर. बांडगूळ झाडाच्या आत मुळे घुसवून पाणी आणि खनिजे ओढते, अन्न मात्र आपल्या हिरव्या पानांत स्वतः तयार करते. म्हणून ते अर्धपरजीवी. ऑर्किडला फक्त उंचीवरची बैठक हवी असते, आंब्याचे नुकसान काहीच नाही. तो सहभोजिता या प्रकारात येतो. चरणाऱ्या म्हशीमागे फिरणारा गायबगळाही त्याच गटातला, कारण म्हशीच्या पायांनी उडालेले किडे त्याला आयते मिळतात. उंबर आणि उंबरातली चिमुकली वरटी यांचे सहजीवन दोघांनाही अपरिहार्य आहे: वरटीशिवाय उंबराचे परागण होत नाही आणि उंबराशिवाय वरटीला अंडी घालायला जागा नाही. मे महिन्यात ‘पेरते व्हा’ म्हणत ओरडणारा पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, हे घरट्यातले परजीवित्व. पुस्तकातल्या कोकिळा-कावळ्याच्या जोडीला हे उदाहरण दिले, तर परीक्षकाला निदान काहीतरी वेगळे वाचायला मिळेल.

जीवनक्रमातल्या फरकांसाठी पुस्तकांत निलगिरीची नीलकुरिंजी दिलेली असते. ती 12 वर्षांनी एकदा फुलते. तिची सख्खी चुलत बहीण लोणावळा-राजमाचीच्या उतारांवर दाट वाढते. ती कारवी. सात वर्षे ती पानांवर राहते, मग सारा डोंगर एकदम जांभळा होतो, बी धरते आणि ते झुडूप मरते. आयुष्यात एकदाच प्रजनन करण्याची ही रीत. सर्वांनी एकाच वेळी फुलण्याचा फायदा असा की, बी खाणाऱ्यांनी कितीही खाल्ले तरी पुष्कळ बी शिल्लक राहते. वाळलेल्या कारवीच्या काठ्या शेणामातीने लिंपून कुडाच्या भिंती करण्याची पद्धत मावळात जुनी आहे.

जीवसंख्येच्या वाढीचे सूत्र चार गोष्टींवर उभे असते: जन्म आणि आगमन यांची बेरीज, तीतून मृत्यू आणि निर्गमन यांची वजाबाकी. लोणावळ्यात शनिवार-रविवारी होणारी गर्दी या सूत्रात ‘आगमन’ म्हणून धरायची नाही, कारण सोमवारी ती परत जाते. पण त्या गर्दीने टाकलेल्या चिवड्या-बिस्किटांवर घाटातली माकडे पोसली जातात. रानाची वहनक्षमता फळे-पाल्यावर ठरते. वरून अन्न मिळत राहिले की तेवढ्याच जागेत जास्त माकडे तगतात आणि मग ती घरांत शिरतात.

तिसऱ्या प्रकरणात संवर्धनाचे दोन मार्ग आहेत: जिथल्या तिथे, आणि मूळ जागेबाहेर. पहिल्याचे ठळक उदाहरण देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि 1976 साली त्यावरचा निबंध ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात छापला. आज देशभरच्या पाठ्यपुस्तकांत महाराष्ट्राच्या देवराया आहेत, त्यामागे हे काम आहे. पवन मावळातल्या आजिवली गावची वाघजाईची देवराई भेरली माडासाठी प्रसिद्ध आहे. देवीच्या धाकाने कुऱ्हाड चालत नाही, म्हणून आजूबाजूच्या डोंगरांवर नाहीशी झालेली झाडे तिथे टिकून राहतात.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण लोणावळ्यातच आहे आणि ते पुस्तकातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा अधिक शिकवणारे आहे. खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले. त्यासाठी टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवले; पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी घाटाखाली पाताळगंगेत, म्हणजे अरबी समुद्राकडे वळले. याच वळवणच्या तलावाशेजारी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून महसीर माशाचे प्रजनन केंद्र चालते. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले होते. तोच हा निळ्या पंखांचा दख्खनी महसीर. प्रौढ माशांपासून अंडी आणि शुक्रद्रव काढून कृत्रिम फलन करायचे, बोटाएवढी झालेली पिल्ले नद्या-तलावांत सोडायची, अशी पद्धत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आधी ‘संकटग्रस्त’ असलेली ही जात आता ‘किमान चिंता’ या गटात आहे.

गोष्ट इथे संपत नाही. लोणावळ्यात वाढवलेली महसीराची पिल्ले कावेरी खोऱ्यातही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर वेगळा आहे, आणि तो दुसरीकडे कुठेही आढळत नाही. निळ्या पंखांचा पाहुणा तिथे भराभर वाढला. वाळूउपसा, धरणे आणि सुरुंगाने होणारी मासेमारी यांच्या जोडीला ही स्पर्धाही आली, आणि 2018 साली कुबडवाला महसीर ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. कृष्णेच्या खोऱ्यात जो वाचवण्याजोगा, तोच कावेरीत आक्रमक. ‘परकी जात’ हा माशावर मारलेला शिक्का नाही, ते ठिकाणावर ठरते. मूळ जागेबाहेरच्या संवर्धनाचे यश आणि परक्या जातींचा धोका हे पुस्तकात दोन वेगळ्या पानांवर असलेले मुद्दे इथे एकाच माशात भेटतात.

प्रदूषणासाठी इंद्रायणी पुरेशी आहे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी ही नदी वरच्या भागात नितळ असते. देहू, आळंदीकडे जाताना सांडपाणी मिसळत जाते. सेंद्रिय घाण वाढली की ती कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, म्हणजे जैविक प्राणवायू मागणी वाढते आणि मासे मरतात. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर जलपर्णी माजते, आळंदीला पाण्यावर फेस तरंगतो. सुपोषणाचा प्रश्न लिहिताना हीच पायऱ्यांची साखळी क्रमाने मांडायची.

चौकट पद्धतीच्या प्रात्यक्षिकाला सप्टेंबरअखेरचा उतार उत्तम. तेरडा, सोनकी, कवला तेव्हा फुलावर असतात. एक मीटर बाजूची चौकट दहा ठिकाणी टाकली, समजा सहा चौकटींत मिळून तेरड्याची 48 रोपे मिळाली, तर घनता 4.8 आणि वारंवारता 60 टक्के. घनतेत रोपे मोजायची, वारंवारतेत चौकटी. या दोन आकड्यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. एप्रिलमध्ये त्याच जागी दोन्ही शून्य येतील, म्हणून वहीत तारीख लिहावी.

आकड्यांच्या बाबतीत थोडी सावधगिरी लागते. जगातल्या जैवविविधतेच्या संवेदनक्षेत्रांची संख्या 2000 साली 25 होती, पुढे 34 झाली आणि आता 36 आहे. पश्चिम घाट व श्रीलंका मिळून त्यांतले एक. पश्चिम घाट 2012 पासून जागतिक वारसा यादीतही आहे. जुन्या आणि नव्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतील; परीक्षेत आपल्या मंडळाच्या चालू पुस्तकातला आकडा लिहावा. नीटच्या अभ्यासक्रमातून ‘पर्यावरणाचे प्रश्न’ हे प्रकरण 2024 पासून वगळले आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकात तो भाग पंधराव्या प्रकरणात आहे. दोन्ही परीक्षा देणाऱ्यांनी नीटची यादी पाहून तो सोडून देऊ नये. मंडळाच्या 70 गुणांच्या लेखी परीक्षेत त्यावर प्रश्न येऊ शकतो.